भाऊबंद

गोरगावल्याचा जनावरांचा दवाखाना, श्रेणी दोन.
टेबलावर नवल ठेलारीची कुत्री.
नाकपुड्या चिकटलेल्या, तळपाय जुन्या वहाणेसारखे कडक,
जबडा चघळतोय, चघळतोय,
तोंडात काहीच नाही.
डिस्टेंपर, बाविस्कर डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मी रजिस्टरात लिहिलं. महिन्यातली अकरावी नोंद.

सलाइनची शीर शोधता शोधता त्या बोलत होत्या :
गोवर, गुरांची बुळकांडी आणि हा,
तिघं एकाच घराण्यातले.
लांब कुठे एक समुद्र आहे, चारी बाजूंनी जमीन,
आपल्या खान्देशासारखाच कोंडलेला.
तिथले सील एका वर्षी हजारोंनी किनाऱ्याला लागले,
ह्याच रोगाने.
आधीच उरले होते थोडके.

सील म्हणजे मला ठाऊक ती लाखेची.
मतपेटीवरची, जिनिंगच्या गोदामाला ठोकलेली.
बाईंनी मोबाइल पुढे धरला :
ओल्या रांजणासारखं अंग, आजोबांच्या मिशा,
डोळ्यांत तीच चिकट पिवळी पू.
नवलबाबा वाकून बघत राहिला.
"हाई ते कुत्रंच शे," म्हणाला.
"पाय कोनी काढी लिधात?"

माझे वडीलही ह्याच खात्यात पट्टीबंधक.
बुळकांडीत पुरलेल्या बैलांचे खड्डे
ते चुन्याच्या पोत्यांवर मोजायचे.
ती गेली, जगातूनच गेली. एक तरी गेली.
आणि मला गोवर आला तेव्हा
आईने दारात कडुलिंबाचा डहाळा टांगला,
आठ दिवस शेजारीणसुद्धा उंबऱ्याबाहेर.

समुद्राला दार कुठल्या बाजूला असतं,
मी विचारलं नाही.
नवलबाबाने विचारलं, "तठे डाक्टर शे का?"
बाई सलाइनचे थेंब मोजत राहिल्या.

कुत्री साडेचारला गेली.
टेबलावर फिनेल ओतलं. पाणी मोरीतून नाल्यात,
नाला तापीत,
पुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

थंडीत ते एकमेकांना चिकटून झोपतात,
हात धुताना बाई म्हणाल्या. कोण, ते सांगितलं नाही.

बाहेर आवारात नवलबाबाची उरलेली दोन कुत्री
दोन कडुलिंबांना बांधलेली.
दोर मीच मापून दिला होता,
नाकाला नाक लागणार नाही एवढा.
दोघंही दोराच्या टोकाला येऊन,
मान ताणून,
उभी.