रिचवणे

शारजात दारूचं दुकान नाही,
तरी परकारचाचा रोज रिचवतात.
सळया बांधून उतरले की
लबनची दोन लिटरची बाटली,
उभ्याउभ्या, एका दमात,
कंठमणी वरखाली.

नुसतं पिणं नव्हे हे, मी म्हटलं, रिचवणं.
खोलीतला नवा पोरगा हसला:
हा शब्द मी फक्त धड्यात वाचलाय.
दारूडे रिचवतात ना?

चाचा म्हणाले, आमच्या दाभोळात
रिचवायचं म्हणजे ओतायचं.
होडीत साचलेलं खाडीत,
या हंड्यातलं त्या हंड्यात.
पिणं नंतरचं.

मिशीवरचं पांढरं पुसलं,
बाटली उलटी धरून दाखवली.
थेंब नाही.

उशाशी फोन थरथरत होता.
घरून.
आज एक तारीख.