झाडाचं कूळ

की लार्गोला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.
शाल्मलीनं गाडी सावलीत लावली,
सावली म्हणजे अर्ध्या बॉनेटपुरती.
फाटकावर एक पाटी: इथून काहीही नेऊ नये.
मगरींची पाटी वेगळी.

ओडालिसबाई वाट दाखवायला होत्या,
माझ्याच वयाच्या,
क्यूबाहून आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या
हे त्यांनी न विचारताच सांगितलं.
मी म्हटलं, मी कोल्हापूरची,
कॉलेजात एकतीस वर्षं
टिपकागदात झाडं दाबून ठेवत होते.
शाल्मलीनं ते इंग्रजीत सांगितलं
तेव्हा जरा लहान झालं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.
झाडाला मात्र मी पहिल्यांदा तेच विचारते.

तर हे लाल, गुळगुळीत झाड,
साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेली.
"टुरिस्ट झाड म्हणतात याला," बाई हसल्या,
"उन्हात लाल होतं आणि सोलतं,
समुद्रावर लोळलेल्या पाहुण्यांसारखं."
खरं नाव गंबो लिंबो. लिंबाशी काही संबंध नाही.
मी खोडाला नाक लावलं.
धुपाचा वास. मेळघाटच्या सहलीत
ओढणीला चिकटलेला,
सात धुण्यांत न गेलेला.
"अगं, ही सालईच्या कुळातली!"
शाल्मली फोनवर होती,
तिनं एक बोट वर केलं: एक मिनिट.

पुढच्या झाडावर डांबर सांडल्यासारखे डाग.
बाईंनी हात आडवा धरला.
"शिवू नका. पावसात याच्याखाली उभंही राहू नका."
बिब्बा!
बिब्बा नव्हे, बिब्ब्याची आतेबहीण,
तशीच अंगावर उतणारी.
आणि तिचीच फळं खाऊन
पांढऱ्या टोपीचं एक कबूतर
वर निवांत घुमत होतं.
ज्याचं त्याचं पोट.

डास चावत होते. डासांचं कूळ मी विचारलं नाही.

मग एका फांदीवर गोगलगाय,
शंखावर पिवळे, तपकिरी पट्टे, टोकाला गुलाबी थेंब.
"पूर्वी दर रानात नक्षी निराळी असायची," बाई म्हणाल्या.
"शंख जमवणारे यायचे,
चांगले चांगले उचलायचे,
आणि जाताना, म्हणे, रान पेटवून द्यायचे,
आपल्याकडचा शंख एकुलता राहावा म्हणून."
शाल्मली म्हणाली, राक्षस मेले.
मी चष्मा पुसला.

आंबोलीच्या एका कड्यावरून
मी एक आमरी आणली होती. मुळासकट.
सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली:
स्थळ, तारीख, उंची, "विरळ".
पुढच्या वर्षी त्या कड्यावर
तेवढंही खरं उरलं नाही.
प्राचार्यांनी अक्षराचं कौतुक केलं होतं.

परतताना बाई पुन्हा त्या लाल झाडापाशी थांबल्या.
"आमच्या गावी याच्या फांद्या तोडून
कुंपणाला रोवायचे. नुसते खुंट.
वर्षभरात पालवी."
कोणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत,
पण शाल्मलीनं माझ्याकडे पाहिलं.

गाडीत तिनं विचारलं,
"आई, मग भरू का तो फॉर्म?"
मी म्हटलं, आधी काच खाली कर.
खारा वारा आला, डिझेलचा आला,
सालईचा नाही आला.

होमस्टेडला घरी पाय धुताना
चपलेच्या पट्ट्यात सापडला
लाल सालीचा एक पापुद्रा,
कांद्याच्या टरफलाएवढा, पलीकडचं दिसेल इतका.
मी आणला नव्हता. तो आला होता.
टिपकागद मागावासा वाटला,
हात सवयीनं ओढाळ.
बशीत ठेवला, वर वाटी पालथी घातली.

सकाळी शाल्मलीला म्हटलं,
पुन्हा जायचंय तिथं, एक वस्तू परत करायला.
"तीस मैल आहे आई."
असू दे, म्हटलं.
फॉर्मचं येताना बोलू.