पातं थांबेपर्यंत

सातपूरच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
लतीफ मिस्त्रींनी मशीन दिलंच नाही,
नुसती वायर दिली.
खांद्यावरून मागे घे,
पात्याला तिचा वास लागू देऊ नकोस.

मग चार दिवस नुसतं ऐकणं.
पेठच्या सागात गाठ आली की आवाज जाडावतो.
तेव्हा रेटायचं नाही.
फळी पातं चावते
आणि मशीन उलटं येतं, थेट पाठीमागे.
म्हणून पाठीमागे उभं राहायचं नाही. जरा बाजूला.

आधीच्या पोरानं गार्ड सुतळीनं वर बांधलेला.
मिस्त्रींनी गाठ सोडली, सुतळी खिशात घातली,
बोलले काहीच नाही.

फळीखाली दातभरच पातं.
बाह्या दुमडलेल्या. हातमोजे नकोत,
"मोजा ओढला की हात त्याच्यामागे जातो, रे."

माझा पहिला काप संपला. बटण सोडलं,
ठेवायला वाकलो
तर त्यांनी मनगट धरलं:
अजून फिरतंय.

तसेच उभे राहिलो दोघं.
भुसा खाली बसत होता,
बाहेर कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला,
पातं अजून
स्वतःशीच पुटपुटत.

संध्याकाळी चहाच्या ग्लासाभोवती
त्यांची बोटं मी गुपचूप मोजली.
दहा.
"मीपण मोजतो," ते म्हणाले,
"रोज."