ओळ चारशे बारा

हॅलिफॅक्समध्ये सप्टेंबर सरताना
समोरच्या चढावरची दगडी घरं आधी दिसेनाशी होतात,
मग चढ.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून
परक्या माणसाच्या कोडमध्ये शिरते,
चपला बाहेर काढल्यासारखी.

काम बारीकच. फुकटातलं.
आमच्या गल्लीमागे भाजीचे चौसष्ट वाफे आहेत,
नगरपालिकेचे, वर्षाच्या भाड्यानं.
त्यांची एक वेबसाइट, तिच्यात एक प्लगइन,
ते पैसे घेतं, पावती देतं,
आणि तीस दिवसांत भाडं आलं नाही की नाव खोडून
रांगेतल्या पुढच्याला कळवतं :
अभिनंदन, वाफा तुमचा.

सतरा नंबरच्या एनिड थॅकरे ऑगस्टात गेल्या.
चिटणीस डेरेक सटक्लिफ दारात आला,
पाय पुसत राहिला पायपुसण्यावर, आत येईना.
म्हणाला, तिचा घेवडा अजून वेलावर आहे.
दरवर्षी ती शेवटच्या शेंगा वाळू द्यायची, बियाण्याला.
तोवर नाव राहू दे.
सांगता येईल का त्याला एवढं?

त्याला म्हणजे प्लगइनला.

सांगता येतं. चौथी फाइल, ओळ चारशे बारा :
तीस दिवस उलटले असतील, तर नाव काढा.
मी मध्ये एक 'आणि' घुसवला,
आणि वाफा सतरा नसेल.
सेव्ह केलं. पान उघडलं.
एनिड थॅकरे जागेवर.

सोमवारी पहाटे अपडेट आलं,
मागचे पाढे पंचावन्न.
माझा 'आणि' गेला, एनिड गेल्या,
आणि मंगळवारी सकाळी गोशिया नोवित्स्का
नवं फावडं घेऊन फाटकाशी उभी.
तीन वर्षं रांगेत होती ती.

डेरेकनं तिला काय सांगितलं, मला माहीत नाही.
मी पोचले तेव्हा वाऱ्यानं कललेली एक काठी
ती सुतळीनं बांधत होती. घेवड्याची.
फावडं कुंपणाला टेकलेलं, त्यावरची किंमतही अजून तशीच.
"तीन वर्षं," ती म्हणाली. "अजून तीन आठवडे."

त्या रात्री ती फाइल मी पहिल्यांदा वरून वाचली.
माथ्यावरच लिहिलं होतं, साध्या शब्दांत :
इथे हात लावू नका, पुढच्या वेळी पुसलं जाईल.
काही अडकवायचं असेल तर खुंट्या दिल्या आहेत.

आणि होत्या.
नाव काढण्याआधी एक, काढल्यानंतर एक,
पत्र जाण्याच्या अगदी क्षणभर अलीकडे एक.
कोण हा माणूस, कुठल्या गावचा, ठाऊक नाही,
भिंत बांधतानाच खुंट्या ठोकून गेलेला,
कोण येईल, काय टांगेल,
ओला कोट की रिकामी पिशवी,
काहीच माहीत नसताना.
मी मात्र आल्या आल्या भिंतच फोडली होती.

वेगळी फाइल केली. बारा ओळी.
पहिल्या खुंटीला अडकवल्या.
सतरा हा आकडा लिहिला, मग खोडला,
कारण वाफे चौसष्ट आहेत.
त्याऐवजी डेरेकच्या पानावर, प्रत्येक नावापुढे
एक छोटा चौकोन आला, टिचकी मारायला.
त्याचं नाव काय ठेवू, तासभर सुचेना.
शेवटी त्याचेच शब्द वापरले :
तोवर नाव राहू दे.

ऑक्टोबरात दोन अपडेट आले नि गेले.
शेंगा वाळल्या, हलवलं की वाजायला लागल्या.
गोशियानं मूठभर बी कागदात बांधून माझ्या दारात ठेवलं,
जांभळं, काळ्या ठिपक्यांचं,
आणि सतरावर आता तिचं नाव आहे.

काल सहज डेरेकचं पान उघडलं.
एकेचाळीसच्या पुढे टिचकी होती.
का, ते मी विचारलं नाही.