परमिट

मेडिकलच्या फिजिओथेरपीत, खिडकीजवळच्या टेबलावर
माझी उजवी मूठ ठेवलेली असते.
मी शेजारी बसतो.

एकतीस वर्षं पोलवर चढलो. मानेवाडा, हुडकेश्वर,
नंदनवनची ती जुनी डीपी, जिच्यात दर उन्हाळ्यात पाल जळायची.
करंट नावाचं जनावर मला चालीवरून ओळखता येतं.
आणि ही मेश्राम मॅडम, वय माझ्या नोकरीपेक्षा कमी,
मनगटामागे ओला स्पंज बांधून विचारते,
‘काका, चालू करू?’
‘थांब पोरी,’ मी म्हणतो, ‘परमिट कुठं आहे?’
ती हसते. मी हसलो की मूठ आणखी आवळते,
म्हणून मला हसवायचं नाही, असं ठरलंय आमचं.

आधी ताणणं. हळू, फार हळू,
रुसलेल्या लेकराला दारामागून काढावं तसं.
घाई केली की हात मध्येच अडतो,
मग तीस आकडे मोजत तिथंच थांबायचं.
डिसेंबरात चाळीस. नागपूरची थंडी
आधी माझ्या बोटांत येते, मग पेपरात.

मुठीच्या आत वेगळंच हवामान आहे.
वच्छला रोज कापसानं कोरडं करते,
नखं कापते, फटीत पावडर सोडते,
आणि म्हणते, ‘एवढं काय धरून ठेवलं जी तुमी?’

काय सांगू.
शालिक मडावीच्या हातात तार होती.
लाइन बंदच होती; पलीकडं कोणीतरी जनरेटर लावला.
करंट माणसाला फेकतो म्हणतात. दरवेळी नाही.
तो बोटं मिटवतो.
मी खालून ‘सोड, सोड’ ओरडत बांबू शोधत होतो,
आणि त्याला सोडायचंच होतं.

म्हणून पहिल्या दिवशी मॅडमनं बटण फिरवलं
तेव्हा मी डोळे मिटले.
मुंग्या. मग मुंग्यांची रांग. मग कोपराखाली,
माझ्याच कातडीत, दुसऱ्या कोणाचं तरी काम सुरू झालं
आणि बोटं
उघडली.
दहा सेकंद. पांढरा, सुरकुतलेला तळवा,
पट्टीखालून निघाल्यासारखा.
मग वीस सेकंद बंद. मग परत.
करंट उघडतोसुद्धा. हे मला साठीत कळलं,
आणि शालिकला सांगायची सोय नाही.

‘मिटवणारे स्नायू वेगळे, उघडणारे वेगळे,’ मॅडम म्हणाली.
म्हणजे फीडर वेगळा. एवढं मला समजतं.

घरी जाताना मूठ ऑटोतच मिटायची,
मेडिकल चौकापर्यंतही टिकायची नाही.
असे चार महिने.
परवा, स्पंज अजून वाटीत भिजत होता,
मॅडम रजिस्टरात मान घालून लिहीत होती,
माझं पहिलं बोट वर आलं.
अर्धा इंच. फार तर.
मी कोणाला बोललो नाही.
आधी वायर पाहिली. मग बटण.
जुनी सवय, परत एकदा बटण.
सप्लाय बंद होता.