फळीवरचा पेन

मे महिन्यात तेंदूच्या फळीवर शाई टिकत नाही.
दोन नावं लिहून टोपण लावायला विसरलो
की निब कोरडी.
मग मडक्यातल्या पाण्यात टोक बुडवायचं,
तिसरं नाव फिकट उमटतं,
चौथ्यापासून पेन भानावर येतो.

खिशावरच्या डागाला बायको गडचिरोली म्हणते,
दर हंगामात वाढणारा जिल्हा.

पेन कुणाच्या हाती दिला नाही कधी.
ठेकेदार मागतो, त्याच्यासाठी
कानामागे बॉलपेन असतो.

काल ओळीत बिरजाबाई कुमरे. एकशे ऐंशी पुडे.
मी अंगठ्याची डबी सरकवली,
तिनं अंगठा पदरात लपवला.
"सही करतो जी. नातीनं शिकवलं.
पन पेन हाच पायजे."

पानं तोडून काळी पडलेली बोटं.
पेन उलटा धरला, मग सुलटा.
पहिली वेलांटी ओढताना मी श्वास धरला,
खरं सांगायचं तर, निबसाठी.
करकरली ती.
एक थेंब रकान्याबाहेर पडला.
मागे तीस-चाळीस बाया उन्हात,
कुणी "आटप ना बाई" म्हटलं नाही.

आज सकाळी लिहायला बसलो.
अक्षर माझंच,
पण वेलांटीपाशी पेन जरा अडतो,
हात कुणाचा ते विचारल्यासारखा.

वडशाला नवी निब मिळते, वीस रुपयाला.
सोमवारी जायचंच आहे, दौत संपत आली.
शाई तेवढी आणीन.