चार नंबरवर अकरा

मी बोर्ड रंगवणारा.
अंबाजोगाईतल्या अर्ध्या शटरांवरची अक्षरं माझी.
वर्षातून एकदा रायफल क्लबवाले बोलावतात
काळी वर्तुळं काढायला,
आणि मग त्याच वर्तुळांखाली खड्ड्यात बसायला.

पुरुषभर खोल खड्डा, पुढं मातीचा बांध,
कप्पीवर खालीवर होणाऱ्या चार चौकटी.
सोबत सटवा, बहिणीचा पोरगा, बारावी नापास,
कणकेच्या खळीचा डबा, कागदाची कात्रणं,
एक फोन, आणि काठीला बांधलेलं लाल फडकं.

रायफली सकाळी ठाण्यातून आल्या,
घोड्याच्या कडीतून एकच साखळी ओवून,
बाजाराला न्यायलेत अशा.
सगळ्या माझ्या बापापेक्षा म्हाताऱ्या.
लाकडावर नंबर, नंबराखाली खोडलेला नंबर,
एकीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेला बदाम.

तुम्हाला वाटतं आवाज बंदुकीतून येतो.
खड्ड्यात बसून बघा.
आधी डोक्यावर कोरडा चाबूक फुटतो,
कागद टिच् करतो,
मग लांबून, निवांत, येतो धडाका,
लग्न लागल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

माणसं दिसत नाहीत इथून. भोकं दिसतात.
एक नंबरला लोमटे बाई, शाळेत गणित शिकवायच्या:
दहाच्या दहा तळहाताएवढ्या जागेत.
दोनला वकीलसाहेब; त्यांची भोकं एकमेकांशी बोलत नाहीत.
चारला लातूरचा कुणी पोरगा, त्याच्या दहा कधीच संपल्या.
आणि तीनला गुलाबखाँ हवालदार.

त्यांनी रायफल निवडली नाही. शोधली.
नंबर न वाचता, अंगठ्यानं बदाम चाचपून.
एकतीस वर्षं हिला खांद्यावर वाहिली,
बँकेच्या दारात, गणपतीत, मोहरमला,
मतपेट्यांशेजारी रात्र रात्र,
आणि माणसावर एक गोळी झाडली नाही.
हे तेच सांगतात. चहा पिताना, कुणी न विचारता.

आठ गोळ्या ठीक आल्या.
नववीला चाबूक फुटला, पण तीनचा कागद हलला नाही.
चौकट खाली ओढली. आठच.
सटवा म्हणाला, मामा, चारवर बघ.

चारवर अकरा.
काळ्याच्या ऐन मधोमध,
दिवसभरातलं सगळ्यात देखणं भोक.

एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसऱ्याचा दिवाळीनंतर, दिवाळीनंतर.
तीन आणि चार एकमेकींत पोहत असतील त्यांना.

सटवानं खळीत बोट बुडवलं. "बुजवू का?"
चारवरचं बुजवायचं, तीनवर पेन्सिलीनं एक पाडायचं,
कुणाला कळणार होतं.
माझं तर कामच ते.
बंद पडलेल्या हॉटेलावर मी 'गरम गरम' लिहिलेलं आहे.

फोन वाजला. तीनचं काय?

काठी उचलली.
लाल फडकं डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.
चुकली.

दहावी गोळी फार वेळ आली नाही.
मग आली. सातच्या वर्तुळात, साधीसुधी.

ढाल लोमटे बाईंना मिळाली.
जेवताना गुलाबखाँ माझ्याशेजारी येऊन बसले.
"नववी कुठं गेली रे?"
"चारवर."
"चारवर कुठं?"
मी बोट रश्श्यात बुडवलं
आणि त्यांच्या भाकरीच्या मधोमध ठिपका ठेवला.

भाकरी त्यांनी उचलून उजेडाला धरली.
जवळ, मग हातभर लांब.
"त्या लातूरच्या पोराला सांगू नको," म्हणाले,
"उगं त्याला वाटायचं, त्याचीच हाय."
आणि ठिपक्यापासनं तोडत तोडत खाल्ली.

साखळी ओवताना शिपाई दोनदा म्हणाला, चाचा, सोडा आता.

चार नंबरचा कागद माझ्या दुकानात आहे,
रंगाच्या डब्यांमागं.
दहा भोकांवर कात्रणं चिकटवलीत.